‘कितवी स्टेज आहे हो?’

मैत्रिणींनो, ओळखीत कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘कितवी स्टेज?’ ‘पहिली’ म्हटलं की बायका देवाला हात जोडतात, ‘तिसरी’ म्हटलं की पदर डोळ्याला लावतात. पण ही स्टेज म्हणजे नेमकं काय, ती कुणी ठरवली आणि कशावरून, हे विचारणारी एकच बाई मला आजवर भेटली. तीही तो शब्द तिच्याच फाइलीवर लिहिला गेला तेव्हा.

आम्ही परभणीत राहतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, उटणं लावताना, डाव्या छातीत गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. वैशाखात मुलीचं लग्न होतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लग्न झालं, पाहुणे गेले, मग पेरणी आली, मग पंचमीला लेक पहिल्यांदा माहेरी आली. तिनंच आईची काखेत गेलेली बोटं पाहिली आणि हट्टानं दवाखान्यात नेलं. दिवाळी ते पंचमी, म्हणजे नऊ महिने झाले होते.

सोनोग्राफी झाली, तुकडा तपासायला गेला, मोठ्या शहरात आणखी तपासण्या झाल्या. घरी आली ती एवढीच बातमी: तिसरी स्टेज. काका ओसरीवर बसून म्हणाले, “चारांतल्या तीन संपल्या. आता उरलं काय?” सासूबाई म्हणाल्या, “कशाला तिचे हाल करायलात? घरातच राहू द्या तिला.” वाईट कुणीच नव्हतं. ‘तिसरी’ या शब्दाचा अर्थच त्यांनी तसा लावला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू फाइल पदराखाली धरून माझ्याकडं आल्या. “ताई, तुम्ही शिकलेल्या. एवढं वाचून सांगा, माझं खरंच संपलंय का?” फाइलीत इंग्रजीत एक ओळ होती: ‘टी ३, एन १, एम ०’. शिकलेली असून मलाही ती वाचता आली, कळली मात्र नाही. आम्ही दोघी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी ओळ वाचली, चष्मा वर केला आणि शेवटच्या शून्यावर बोट ठेवलं. “हे कुणी बघितलं नाही का? या कागदावरचं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.”

त्या दिवशी त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जे काढून दाखवलं आणि पुढं मी जे वाचलं, ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

तीन अक्षरं, तीन प्रश्न

स्टेज ठरवताना डॉक्टर तीन साधे प्रश्न विचारतात. गाठ केवढी आहे? ती जवळच्या ग्रंथींपर्यंत पोचली आहे का? आणि शरीरात लांब कुठं गेली आहे का?

पहिलं अक्षर ‘टी’, म्हणजे ट्यूमर, मूळ गाठ. छातीच्या कॅन्सरचं माप सोपं आहे. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. दोन सेंटीमीटरपर्यंतची गाठ, म्हणजे साधारण लहान सुपारीएवढी, ती टी १. दोनहून मोठी पण पाच सेंटीमीटरपर्यंतची, टी २. पाचाच्या पुढं, म्हणजे मोठ्या लिंबाहून मोठी, टी ३. गाठ कातडीत किंवा छातीच्या भिंतीत शिरली असेल, वर जखम झाली असेल, तर माप काहीही असो, टी ४.

दुसरं अक्षर ‘एन’. हे ग्रंथींचं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तशा ग्रंथी काखेत, गळ्यात, पोटात सगळीकडं असतात. शरीरातलं पाणी गाळणाऱ्या या चाळण्याच. छातीतल्या गाठीच्या पेशी बाहेर पडल्या तर बहुधा आधी काखेतल्या चाळणीत अडकतात. तिथं काही नसेल तर एन ०. काखेत गाठी आहेत पण बोटानं हलतात, तर एन १. एकमेकींना चिकटून घट्ट बसल्या असतील तर एन २. गळ्याच्या हाडाच्या वर पोचल्या असतील तर एन ३.

तिसरं अक्षर ‘एम’. कॅन्सर यकृत, फुप्फुस, हाडं किंवा मेंदू अशा लांबच्या ठिकाणी गेला आहे का, याचं उत्तर. इथं दोनच पर्याय आहेत. गेला नाही, एम ०. गेला, एम १.

या तिन्ही उत्तरांची जुळणी करून एक ते चार हे आकडे येतात. लहान गाठ आणि काख मोकळी, तर पहिली. गाठ मध्यम, किंवा लहान असून काखेत थोडं, तर दुसरी. गाठ मोठी आणि काखेत गाठी, किंवा कातडीपर्यंत आलेली, पण लांब कुठं नाही, तर तिसरी. आणि एम १ असेल तर गाठ हरभऱ्याएवढी असली तरी चौथी.

आता काकूंची ओळ पुन्हा वाचा. टी ३: गाठ पाच सेंटीमीटरहून मोठी. एन १: काखेत गाठी, पण हलणाऱ्या. एम ०: लांब कुठंही गेलेला नाही. म्हणजे तिसरी स्टेज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तिसरी म्हणजे चारातले तीन भाग संपले असं नव्हे. कॅन्सर अजून छातीच्या आसपासच आहे, पण तिथं बराच वाढलाय, एवढाच याचा अर्थ. अशा बाईला बरं करायच्याच हेतूनं उपचार करतात. आधी केमोनं गाठ आकसवायची, मग ऑपरेशन, मग शेक, आणि गरज असेल तर काही वर्षं गोळ्या.” त्या संध्याकाळी काकांनी मुंबईची तिकिटं काढली.

पिशवीच्या तोंडाचा हिशेब वेगळा

प्रत्येक अवयवाची मोजपट्टी निराळी असते, हे लक्षात ठेवा. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर हातानं तपासून, आणि आता सोनोग्राफी, एम.आर.आय. पाहून, तो कुठवर सरकला आहे ते बघतात. फक्त पिशवीच्या तोंडापुरता, तर पहिली स्टेज. त्यातही खोली अगदी मिलिमीटरमध्ये मोजतात. आजूबाजूला उतरला पण कंबरेच्या हाडापर्यंत नाही, तर दुसरी. योनीच्या खालच्या भागापर्यंत किंवा कंबरेच्या हाडाच्या भिंतीपर्यंत गेला, मूत्रपिंडाची नळी दाबली गेली, किंवा ग्रंथींमध्ये शिरला, तर तिसरी. लघवीची पिशवी, गुदाशय किंवा त्याहून लांब पोचला, तर चौथी. पहिल्या पायरीवर, गाठ लहान असताना, बहुतेकदा ऑपरेशननं भागतं. पुढं शेक आणि केमो लागते, आणि त्यानंही पुष्कळ जणी बऱ्या होतात. रक्ताच्या कॅन्सरला मात्र गाठ नसते, म्हणून त्याला ही टी-एन-एमची पट्टी लागू पडत नाही.

ही पट्टी आली कुठून? गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पायऱ्या १९२९ सालीच जुन्या राष्ट्रसंघाच्या पुढाकारानं ठरल्या होत्या. रेडियम वापरणाऱ्या निरनिराळ्या देशांतल्या दवाखान्यांना आपापल्या उपचारांची तुलना करायची होती, आणि एकाची ‘वाढलेली’ म्हणजे दुसऱ्याची किती, हे कळत नव्हतं. पुढं १९४३ ते १९५२ या काळात पियेर देन्वा या फ्रेंच सर्जननं टी-एन-एमची रीत बसवली, आणि १९६८ साली तिचं पहिलं पुस्तक आंतरराष्ट्रीय संघटनेनं काढलं. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते. म्हणजे परभणीच्या फाइलीवरची ओळ मुंबईत, लंडनमध्ये, टोकियोत सारखीच वाचली जाते. बाईचं भविष्य सांगण्याआधी डॉक्टरांना एकमेकांशी एकाच भाषेत बोलता यावं, म्हणून हे आकडे जन्मले.

आपल्या मराठवाड्यानं जगाला दाखवलेली गोष्ट

स्टेजनं खरोखर फरक पडतो का? याचं एक फार मोठं उत्तर आपल्याच मराठवाड्यातून गेलं आहे, आणि आपल्याच बायकांना ते माहीत नाही.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ साली तिथं खेड्यांतल्या कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागातली ही देशातली पहिली. नोंद करणारे गावोगाव जात, बायकांना लक्षणं सांगत, दवाखान्यात यायला समजावत. मग १९९९ पासून शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका होत्या. गावांचे गट पाडून कुठं एक तपासणी, कुठं दुसरी, असं केलं. एका गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या एच.पी.व्ही. विषाणूची चाचणी एकदाच केली. एका गटात नेहमीचंच चालू ठेवलं, वेगळी तपासणी केली नाही. या गोष्टीवर पुढं टीकाही झाली, आणि ती टीका आपण बायकांनी समजून घेण्यासारखी आहे. पण त्या बायकांनी जे दाखवलं ते विसरण्यासारखं नाही.

आठ वर्षांनंतरचे आकडे बघा. चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांतल्या १२७ जणींना कॅन्सर निघाला. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ होत्या, त्यांतल्या ११८ जणींना. म्हणजे प्रमाण जवळपास सारखंच. पण दुसऱ्या स्टेजचा किंवा त्याच्या पुढचा कॅन्सर पहिल्या गटात ३९ जणींचा होता आणि दुसऱ्यात ८२ जणींचा. आणि मृत्यू? पहिल्या गटात ३४, दुसऱ्यात ६४. हे निकाल २००९ साली अमेरिकेतल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभर वाचले गेले.

आजार तोच, जिल्हा तोच, बायका आपल्यासारख्याच. फरक होता तो सापडला कोणत्या पायरीवर याचा. म्हणूनच स्टेज हे डॉक्टरांचं गणित असलं, तरी त्यातला एक आकडा आपल्या हातात आहे: आपण कोणत्या दिवशी दाखवायला गेलो.

मुंबईतही १९९८ पासून टाटा हॉस्पिटलनं ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायकांचा असाच अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या बायका दर दोन वर्षांनी हातानं छाती तपासत. महागडं यंत्र नव्हतं. त्या गटात कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडू लागला, आणि पन्नाशीच्या वरच्या बायकांत छातीच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले.

स्टेजबद्दलचे चार गैरसमज

पहिला: ‘सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.’ असं होत नाही. तुकडा काढल्याशिवाय निदान नाही आणि नीट उपचारही नाहीत. या भीतीनं घालवलेले महिने मात्र स्टेज नक्की वाढवतात.

दुसरा: ‘दुखत नाही, म्हणजे साधी गाठ.’ उलट सुरुवातीच्या गाठी बहुतेकदा दुखतच नाहीत. बहुतेक गाठी साध्या निघतात हे खरं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तिसरा: ‘स्टेज आणि ग्रेड एकच.’ नाही. स्टेज म्हणजे कॅन्सर कुठवर पोचला, ग्रेड म्हणजे त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती उग्र दिसतात. पहिल्या स्टेजचीही ग्रेड तीन असू शकते. कागदावर ‘तीन’ दिसलं की घाबरून जाण्याआधी तो कशाचा तीन आहे ते विचारा. छातीच्या कॅन्सरमध्ये आता ई.आर., पी.आर., हर-टू अशा तपासण्याही करतात. गोळ्या लागू पडतील का, कोणती औषधं द्यायची, हे त्यावरून ठरतं. सारखीच स्टेज असलेल्या दोघींचे उपचार म्हणून वेगळे असू शकतात. शेजारणीच्या फाइलीशी आपली फाइल ताडून बघू नका.

चौथा: ‘चौथी म्हणजे काहीच करू नये.’ चौथ्या स्टेजला आजार मुळापासून जाणं बहुतेकदा कठीण असतं, हे खोटं बोलून लपवू नये. पण औषधांनी तो आटोक्यात ठेवता येतो, वेदना कमी करता येतात, आणि काही जणी बरीच वर्षं चांगल्या जगतात. बाईला विनाऔषध खाटेवर टाकून देणं याला उपचार म्हणत नाहीत.

आपण काय करायचं?

तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांतून तोंड, छाती आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी करतात. आरोग्यसेविकेला किंवा आशाताईंना विचारा, आपल्या केंद्रात ती कोणत्या वारी असते. गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीत पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखा द्रव, लावून डाग पांढरा पडतो का ते बघतात. पाच मिनिटांचं काम. विषाणूपासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढ्या अवधीत डाग सापडला तर तिथंच निपटतो, स्टेजचा प्रश्नच येत नाही. हा विषाणू फार सर्रास आढळतो, तेव्हा त्यावरून कुणाच्या वागण्यावर बोट ठेवायचं कारण नाही. घरात नऊ ते चौदा वर्षांच्या मुली असतील तर याच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

यांतलं काही दिसलं तर पंधरा दिवसांच्या आत दाखवा:

छातीत किंवा काखेत गाठ, कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे, बोंडातून रक्त किंवा बोंड आत ओढलं जाणं.

पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, अंगावरून वास येणारं पाणी जाणं.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड पुरतं न उघडणं. मिश्री आणि तंबाखू लावणाऱ्यांनी तर आरशात रोज बघावं, आणि सवय सोडायच्या मागं लागावं.

पुढच्या तपासण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, बार्शी आहे, मुंबईचं टाटा आहे. खर्चाच्या भीतीनं घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ कुठं बसतात ते विचारा.

आणि डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा नुसतं ‘कितवी?’ विचारून उठू नका. वहीत चार प्रश्न लिहून न्या. गाठ केवढी? ग्रंथीत आहे का? लांब कुठं गेलाय का? आणि उपचार बरं करण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी? उत्तरं बाईसमोर द्यायला सांगा. फाइल तिची आहे, ओसरीवर बसलेल्यांची नव्हे.

काकूंचे उपचार पूर्ण झाले. दर सहा महिन्यांनी ‘देवगिरी’नं मुंबईला तपासायला जातात. काखेतल्या ग्रंथी काढल्यामुळं डावा हात सुजतो. त्या हातानं कळशी उचलता येत नाही, भाकरी थापताना मध्येच थांबावं लागतं. संक्रांतीला हळदीकुंकवाला आल्या, वाण उजव्या हातानं घेतलं आणि नव्या सुनांच्या घोळक्यात बसून म्हणाल्या, “बायांनो, मी वाचले. पण दिवाळीलाच गेले असते, तर हा हात पण वाचला असता.”

सगळ्या जणी गप्प झाल्या. मग एक सून उठली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, “ताई, आरोग्य केंद्रात ती तपासणी कोणत्या वारी असते?”